पथ्य ही कुणाची जबाबदारी?

‘शुगर बॉर्डरवर आहे. गोड बंद करा, रोज चालत जा, वजन उतरवा. तीन महिन्यांनी दाखवा.’ महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत रोज हे ऐकू येतं. तीन महिन्यांनी साखर तेवढीच निघते किंवा थोडी चढलेली असते. मग गोळी सुरू होते आणि रुग्णावर कायमचा शिक्का बसतो : पथ्य पाळत नाही. माझा आक्षेप या शिक्क्यावर आहे. ज्याला पथ्य कसं पाळायचं ते कुणी शिकवलं नाही आणि मधल्या तीन महिन्यांत ज्याची कुणी चौकशी केली नाही, त्याच्यावर पथ्य मोडल्याचा आरोप ठेवता येत नाही.

गोळीचा कैवार घेणारे म्हणतात, जीवनशैलीच्या गोष्टी बोलायला बऱ्या, माणसं बदलत नाहीत. त्यापेक्षा औषध द्यावं, निदान ते पोटात तरी जातं. हा मुद्दा वरवर व्यवहारी वाटतो, पण पुराव्यापुढे टिकत नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३२३४ लोक तीन गटांत विभागले होते. एका गटाला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध, दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी आणि तिसऱ्याला जीवनशैलीतला बदल. सरासरी पावणेतीन वर्षांनी हिशेब केला, तेव्हा निष्क्रिय गोळीच्या तुलनेत मेटफॉर्मिनने नव्या मधुमेहाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी केलं होतं, तर जीवनशैलीतल्या बदलाने ५८ टक्क्यांनी.

हा आकडा आपल्याकडे व्याख्यानांतून पुष्कळदा सांगितला जातो, पण त्यामागे काय होतं ते सांगितलं जात नाही. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता. पहिल्या २४ आठवड्यांत समोरासमोर बसून १६ पाठ झाले : खाण्याची नोंद कशी ठेवायची, लग्नसमारंभात काय करायचं, घसरण झाली तर पुन्हा कसं उभं राहायचं. त्यानंतरही भेटी चालूच राहिल्या. उद्दिष्टं मोजता येतील अशी होती. वजनात सात टक्के घट, म्हणजे ८० किलोच्या माणसाने साधारण साडेपाच किलो उतरवायचे. आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम. क्षयरोग्याला ‘औषध घेत जा बरं’ एवढं सांगून कुणी घरी पाठवत नाही. त्याची मात्रा ठरते, मुदत ठरते, देखरेख होते, मध्येच थांबला तर कुणीतरी दारात येतं. इथेही नेमकं तेच केलं गेलं आणि म्हणून गुण आला. आपण मात्र त्यातलं एक वाक्य उचललं आणि बाकी सगळी व्यवस्था सोडून दिली.

‘ते अमेरिकेत चालतं, आपली प्रकृती वेगळी, घराणंच मधुमेहाचं’ हा दुसरा आक्षेप. प्रकृती वेगळी आहे, हे खरंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३पासून गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी होती. पण त्यांच्यात उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची; चरबी बरीचशी टिकून होती. म्हणून ‘मी तर काटकुळा, मला कुठला मधुमेह’ या भरवशावर आपल्याकडे कुणी राहू नये. पण वेगळ्या प्रकृतीवर उपाय चालत नाही, हे मात्र साफ चूक. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ भारतीयांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, दोन्ही एकत्र देऊनही जास्त फायदा झाला नाही. जीवनशैलीच्या गटात वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला! काट्यावर फरक दिसत नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हे ठणकावून सांगायला हवं. याच चमूने पुढे ५३७ पुरुषांवर आणखी एक चाचणी केली. अर्ध्यांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. इतक्या स्वस्त साधनाने एवढं साधत असेल, तर ‘आपल्याला परवडत नाही’ ही सबब उरत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण तिथे जीव जातात. ‘मधुमेह मुळासकट बरा करा, गोळ्या केराच्या टोपलीत टाका’ असा प्रचार जीवनशैलीच्या नावाने जोरात चालतो. त्याला आधार म्हणून ब्रिटनमधली ‘डायरेक्ट’ ही चाचणी पुढे केली जाते. ती खरी आहे, उत्तम आहे. तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींचा आहार दिल्यावर वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर गोळीविना मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. पण पुढचं वाचायला हवं. मधुमेह सहा वर्षांच्या आतला आणि इन्सुलिन सुरू नसलेला, अशांनाच त्यात घेतलं होतं. गोळ्या बंद केल्या त्या डॉक्टरांच्या नजरेखाली. दोन वर्षांनी ४६चे ३६ टक्के झाले. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबवून त्याला काढा पाजणं याचा या शास्त्राशी काडीचाही संबंध नाही. अशा मुलाच्या रक्तात काही दिवसांत, कधी काही तासांतच आम्ल साचतं आणि तो दगावू शकतो.

जुना, मुरलेला आजार असेल तर मर्यादा आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतल्याच ‘लुक अहेड’ चाचणीत मधुमेह झालेल्या ५१४५ लोकांना घेतलं होतं. सुमारे साडेनऊ वर्षांनंतरही जीवनशैलीच्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये ती थांबवली गेली. त्यांची औषधं कमी झाली, हालचाल सुधारली, हे मोलाचं आहेच. याच्या शेजारी चीनमधल्या दाचिंग शहराचा अनुभव ठेवा. तिथे १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांना चाचणीत घेतलं, काहींना तुलनेसाठी बाजूला ठेवून बाकीच्यांना हाताशी धरलं आणि सहा वर्षं त्यांचा आहार-व्यायाम सांभाळला. तीस वर्षांनी पाहिलं, तर तुलनेच्या गटापेक्षा त्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला होता आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. वेळेवर सुरू केलेल्या पथ्याचं फळ मोठं असतं. उशिरा सुरू केलेलं पथ्य गोळीला साथ देतं, तिची जागा घेत नाही.

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, यावर महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी घराघरांत वाद रंगले. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. कुठली पद्धत निवडली यापेक्षा ती वर्षभर टिकवायला सोबत कोण होतं, हे महत्त्वाचं.

आणि ही सोबत एकट्या डॉक्टरच्या बळावर मिळणार नाही. फिनलंडमधल्या उत्तर करेलिया प्रांतात हृदयविकाराने तरुण पुरुष मरत होते, तेव्हा १९७२ मध्ये पेक्का पुस्का आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या समाजालाच हाक दिली. गृहिणींच्या संघटना, दूध डेअऱ्या, मांसप्रक्रिया करणारे कारखानदार सगळे त्यात आले. पुढच्या चार दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यात नव्या औषधांचाही वाटा आहे, पण मोठा वाटा लोकांच्या ताटाचा आणि सिगारेटी सुटल्याचा. आपल्याकडे २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे, पण रेशनच्या पिशवीत बहुतेक वेळा येतात गहू आणि तांदूळ. ज्वारीच्या सोलापुरातल्या माणसाला ‘भाकरी खा’ असा सल्ला द्यायचा आणि फुकट मात्र गहू द्यायचा, याला धोरण म्हणत नाहीत. ज्या गावात बाईला अंधार पडल्यावर रस्त्याने एकटीने चालता येत नाही, तिथे तिला रोज अर्धा तास चालायला सांगून आपण हात झटकतो.

तिशीनंतरच्या प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेह तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरोघरी जाऊन अर्ज भरतात. तिथून पुढचा टप्पा हवा. ज्याची साखर उंबरठ्यावर आली, त्याला निदान सहा महिने आहार-व्यायामाचे वर्ग, गट आणि फोनवरून विचारपूस मिळाली पाहिजे. गावच्या आरोग्य केंद्रात, प्रशिक्षित आणि पगारी माणसाकडून. विमा कंपन्यांनी अँजिओप्लास्टीइतकाच या कामाचाही खर्च उचलावा.

तोवर, तुमची साखर बॉर्डरवर असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा : किती किलो, किती मिनिटं, किती महिने, आणि मध्ये माझी चौकशी कोण करणार? गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने थांबवू नका.