सिनेमा आमच्याही घरी यावा

यंदाच्या अंकातला सर्वांत मोठा विभाग आम्ही स्वतंत्र सिनेमाला आणि तो करणाऱ्या माणसांना दिला आहे. त्यामागे एक मागणी आहे, ती सुरुवातीलाच मांडतो. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, स्वतंत्रपणे केलेला एक चित्रपट दाखवावा आणि तो संपल्यावर तो करणाऱ्या माणसाशी निवांत गप्पा माराव्यात.

ही मागणी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून होते आहे, याला कारण आहे. २०२५च्या मार्चमध्ये जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चित्रपटगृहांत आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतेक गावातल्याच माणसांना घेऊन केलेला हा चित्रपट २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन आला होता. शिकू पाहणारी मुलगी पाहुण्यांपुढे बसते. नाव, शिक्षण, उंची असे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि शेवटी रंगावरून नकार येतो. हे विदर्भातल्या कापूसवाल्या घरात घडते तसे आमच्या गल्लीतही घडते. पण असे चित्रपट येतात तेव्हा खेळ मोजके, वेळा अडनिड्या, आणि आठवड्याभरात गाशा गुंडाळलेला. महोत्सव मुंबईत, म्हणजे अंबरनाथहून साठेक किलोमीटरवर. दिवसपाळी करून घरी येणारी बाई तिकडे जाणार कधी? ज्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघतात त्यांच्यापर्यंतच ते पोहोचत नाहीत, याची आम्हाला खंत वाटते.

आम्ही काही अशक्य मागत नाही. दूरदर्शनने हे काम पूर्वी केलेले आहे. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ १९८१ साली केला तो दूरदर्शनसाठीच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ला (१९९५) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन या दोन्ही सरकारी संस्थांचा पैसा लागला. रविवारी दुपारी बधिरांसाठीच्या बातम्या झाल्या की कधी मल्याळम, कधी बंगाली, कधी आसामी चित्रपट लागायचा. भाषा कळायची नाही, खाली इंग्रजी अक्षरे पळायची, तरी माणसे बसून राहायची. चांगला सिनेमा पाहण्याची सवय एका पिढीला त्या दुपारींनी लावली, असे आमचे ठाम मत आहे.

आणि ‘तमस’! कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसे राहू लागली, त्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, १९८८च्या जानेवारीत, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका घराघरांत दिसली. कथा पंजाबची, पण घर सोडण्याची वेळ दोन्हीकडे सारखीच आली होती. दिग्दर्शक गोविंद निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीत इकडे आलेले. प्रक्षेपण थांबवण्यासाठी प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपणाच्याच बाजूने निकाल दिला. आपली गोष्ट देशासमोर सांगितली जाते आहे, हे पाहण्याचा हक्क या गावाला तेव्हा मिळाला. तो केवळ सार्वजनिक वाहिनीमुळे मिळाला.

याच दूरदर्शनची दुसरी बाजूही लिहायला हवी. आनंद पटवर्धन यांचा ‘बॉम्बे: हमारा शहर’ मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात असताना तिथल्या माणसांचे म्हणणे ऐकतो. तो छोट्या पडद्यावर येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांच्या ‘फादर, सन अँड होली वॉर’साठी लढाई थेट २००६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालली. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या माहितीपटाला राष्ट्रीय वाहिनीवर यायला एवढी वर्षे लागावीत, हे आम्हाला मान्य नाही. दरवेळी वेगळा निर्णय घ्यावा लागला की भीती शिरते आणि फाइल टेबलावर पडून राहते. म्हणूनच नियमित मालिका हवी, जिच्यात चित्रपट निवडण्याचे काम जाणकारांच्या मंडळाकडे असेल. २००० साली राजीव मेहरोत्रांनी उभ्या केलेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने प्रसार भारतीच्या साथीने शेकडो माहितीपट करून दाखवले. त्यामुळे अशी व्यवस्था आपल्याकडे चालू शकते, हे सिद्ध झालेले आहे.

जर्मनीची झेडडीएफ ही सार्वजनिक वाहिनी १९६३ पासून नव्या दिग्दर्शकांसाठी स्वतंत्र जागा राखून आहे. अमेरिकेत ‘पीओव्ही’ ही माहितीपटांची मालिका १९८८ पासून चालत आली. तिथल्या सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधीच २०२५ साली काढून घेतला गेला. अशा गोष्टी एकदा सुरू झाल्या म्हणजे कायमच्या टिकल्या असे नसते. त्यांच्यासाठी प्रेक्षकांनी बोलावे लागते.

चित्रपटानंतरच्या गप्पांचा आग्रह आम्ही धरतो, तो विशेष विचार करून. सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. चाळिशी ओलांडल्यावर, सिनेमाचे कोणतेही शिक्षण नसताना, झोपडपट्टीतल्या एका बाईवर त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५च्या जानेवारीत सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. पैसे कुठून आणले, पहिला नकार कुणी दिला, चित्रीकरण कुठे अडले, हे त्या माणसांच्या तोंडून ऐकले की बदलापूरच्या एखाद्या मुलीला आपणही मोबाइलवर काही करून पाहावे असे वाटेल. मराठीत दिवाळी अंकांनी हेच केले आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी नव्या लिहिणाऱ्यांची पहिली ओळख वाचकांना अशाच पानांतून झाली. सिनेमा करणाऱ्यांना तशी पाने कुठे आहेत?

प्रसार भारतीचा ‘वेव्हज’ हा मंच २०२४च्या नोव्हेंबरपासून सुरू आहे, चित्रपट तिथे ठेवा, असे कुणी म्हणेल. जरूर ठेवा. पण तिथे ज्याला नाव ठाऊक आहे तोच शोधायला जातो. दूरचित्रवाणीवर न शोधलेला चित्रपट समोर येतो, घरातले सगळे मिळून पाहतात, आणि फ्री डिशवर महिन्याचे पैसेही पडत नाहीत.

वेळ मात्र मध्यरात्रीची नको. रात्री साडेनऊ चालेल. तोवर दुकाने बंद होतात, मुंबईहून परतणारेही बरेचसे घरी पोहोचलेले असतात. चित्रपटाखाली मराठी अक्षरे असावीत, कारण या गावात सिंधी, मराठी, हिंदी अशा सगळ्या घरांना ती वाचता येतात. दिग्दर्शकाला मानधन द्यावे आणि ते वेळेवर द्यावे. आठवड्याच्या आत पुनःप्रक्षेपण व्हावे. हे चार मुद्दे लिहिलेले पत्र अंकाच्या शेवटच्या पानावर छापले आहे. पटले तर सही करा, कापून घ्या आणि वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्या पत्त्यावर टाका. आमच्या सह्यांचे पत्र अंकाच्या पहिल्या प्रतीसोबत गेले आहे.