इव्हो की डब्ल्यूआरएक्स? लढत ताकदीची नव्हे, पकडीची!

एसटीच्या कार्यशाळेच्या दापोडीपासून चाकणपर्यंत गाड्यांवरचा वाद ‘किती हॉर्सपॉवर?’ इथूनच सुरू होतो. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय यांच्याबाबतीत मात्र हा प्रश्नच चुकीचा आहे. जपानी कंपन्यांच्या आपसातील समजुतीमुळे २००४पर्यंत मायदेशात दोघींची जाहीर ताकद २८० पीएसपुढे गेली नाही.

मग फरक कुठे?

● सुबारू : आडव्या सिलिंडरचे बॉक्सर इंजिन, त्यामुळे वजन जमिनीलगत. पुढच्या-मागच्या चाकांमधील डिफरन्शियल किती घट्ट ठेवायचे, हे चालक ठरवतो.

● इव्हो : १९९६च्या ‘इव्हो ४’पासून मागच्या डाव्या-उजव्या चाकांत ताकद कमी-जास्त वाटणारी यंत्रणा. त्यामुळे वळणावर गाडी सहज आत वळते.

सरस कोण?

जागतिक रॅलीत सुबारूने १९९५ ते ९७ सलग तीनदा उत्पादकांचे विजेतेपद पटकावले. मित्सुबिशीच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते ९९ सलग चारदा चालकांचे. वळणावर इव्हो उजवी, चालकाला शिकवण्यात सुबारू.

आपल्यासाठी काय?

दोन्हींचे उत्पादन थांबले, धडा मात्र कायम आहे. ईसीयू रिमॅपवर पैसे घालण्याआधी टायर आणि ब्रेक बघा. पावसात हॅरिस पुलावर गाडी सावरते ती पकड, हॉर्सपॉवर नव्हे.