मोठ्या अक्षरांत मराठी, बारीक अक्षरांत इंग्रजी

दसरा जवळ आला की रविवारच्या पेपराचं वजन वाढतं. बातम्यांमुळे नव्हे, आत सरकवलेल्या पत्रकांमुळे. परवाच्या गठ्ठ्यातलं एक गुळगुळीत पत्रक मी बाजूला काढून ठेवलं. वर झेंडूचं तोरण, आपट्याची पानं, 'बचतीचं सोनं लुटा' असा झणझणीत मथळा आणि मधोमध तांबड्या गोलात '५०% ऑफ'. ऑफच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चांदणी. तिचा माग काढत तळाशी गेलो, तर तिथे राखाडी शाईत चार ओळींची इंग्रजी. चष्मा पुसून वाचली. सूट निवडक मॉडेलांवर, ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर, माल शिल्लक असेपर्यंत आणि दुसऱ्या कुठल्याही ऑफरसोबत मिळणार नाही. थोडक्यात, वर जे दिलं ते सगळं खाली काढून घेतलं होतं. दिलं मराठीत, काढून घेतलं इंग्रजीत.

माझं भांडण इंग्रजी शब्दांशी नाही. व्यापाराची भाषा कधीच सोवळ्यात नव्हती. दुकान, बाजार, किंमत, हिशेब हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि घरचे झाले. तसेच सेल, ऑफर, डिस्काउंट, वॉरंटी, होम डिलिव्हरी. मंडईत 'लास्ट किती?' असं विचारलं की भाजीवाल्या मावशींना भाषांतर लागत नाही. हे शब्द आपण पचवलेत. माझी तक्रार आहे ती ज्या शब्दांचा अर्थ विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, त्यांच्याबद्दल.

'अपटू' घ्या. '५०' हा आकडा हातभर आणि 'अपटू' बोटाच्या पेराएवढा. दुकानातल्या एखाद्या पडून राहिलेल्या वस्तूवर पन्नास टक्के सूट असली, तरी पाटी खोटी ठरत नाही. 'कॅशबॅक'चंही तसंच. नावात कॅश आहे, पण पुष्कळदा हातात येतात पॉइंट किंवा व्हाउचर. तेही पुढच्या खरेदीत आणि मुदतीच्या आत वापरायचे.

या घराण्यातला सगळ्यात हुशार शब्द म्हणजे 'नो कॉस्ट ईएमआय'. त्याच्या आधी 'झीरो परसेंट' होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. मग पाटी बदलली. आता सर्वसाधारण रीत अशी: बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम विक्रेता किमतीतून वजा करतो. हिशेब बरोबर वाटतो. पण व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो गिऱ्हाइकाच्या माथी. व्याज हजार रुपये असेल, तर हे झाले १८० रुपये. वर बँकेची प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. रोखीने घेतल्यावर जी सूट मिळाली असती तीही गेली. तरी नाव 'नो कॉस्ट'! काउंटरवरच्या पोराला विचारलंत तर तो म्हणतो, "काका, काहीच लागत नाही." तोही बिचारा पाटीच वाचत असतो.

खाण्यापिण्यात हा खेळ आणखी नाजूक आहे. लग्नाच्या पंगतीत शेवटी जो कप हातात येतो, त्याला आपण सगळे आइस्क्रीम म्हणतो. एकदा कप फिरवून पाहा. पुष्कळदा 'फ्रोझन डेझर्ट' असं छापलेलं सापडेल. आइस्क्रीम म्हणायचं तर स्निग्धांश दुधाचा हवा. वनस्पती तेल वापरलं की नियमाप्रमाणे ते फ्रोझन डेझर्ट. खायला काही हरकत नाही, पण आपण काय खातोय ते कळायला हवं. कंपनीने नियम पाळलेला असतो. फक्त तो पाळला आहे इंग्रजीत, कपाच्या पाठीवर.

२०२४ साली सरकारने अशा दोन शब्दांना हात घातला. एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगण्यात आलं की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्न सुरक्षा कायद्यात अशा शब्दाची व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हिंदुस्थान युनिलिव्हरने हॉर्लिक्सच्या गटाचं नाव 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक' केलं. डबा तोच, चमचा तोच, शब्द मात्र आणखी अवघड. जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अर्कात पाणी घालून बनवलेल्या रसाच्या वेष्टनावरून आणि जाहिरातींतून '१००% फ्रूट ज्यूस' हा दावा काढायला लावला.

उलट उदाहरणही आहे. 'कार्पेट'. घर घेताना बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप, सेलेबल अशा शब्दांच्या जिन्यावरून गिऱ्हाईक गरगरत खाली यायचं. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे काय हे नेमकं लिहून ठेवलं आणि विक्रीसाठी तेच माप धरायला लावलं. आज डोंबिवलीत वन बीएचके बघायला गेलेली बाई सेल्समनला पहिलाच प्रश्न टाकते, "कार्पेट किती?" शब्द इंग्रजीच, पण तो आता तिच्या हातात आहे. शब्द परका असल्याने कोणी फसत नाही, तो मोघम ठेवला की फसतं.

दुकानांच्या पाट्यांसाठी आपण बरीच वर्षं भांडलो. कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, लहान दुकानंही त्यात आली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या मराठी झाल्या, चांगलं झालं. पण पाटीखालून आत गेल्यावर काय? बंद पाकिटावरची सक्तीची माहिती केंद्राच्या नियमाप्रमाणे हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरते. मराठी छापायला मनाई नाही, पण बंधनही नाही. म्हणजे दुकानाचं नाव मराठीत वाचायचा हक्क आपण मिळवला, आत विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे मराठीत वाचायचा अजून नाही.

जाहिरातींच्या बाबतीत मात्र नियम आपल्या बाजूने आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचा खुलासा छापायला हवा, आणि टाइपही तोच हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्याकडच्या पत्रकाने हा नियम सरळ धाब्यावर बसवला आहे.

तेव्हा या दिवाळीत एवढं करा. चांदणी दिसली की दुकानदाराला म्हणा, "अटी मराठीत दाखवा." नसतील तर पत्रकाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. मराठीत विकायचं असेल, तर अटीही मराठीत छापा, असं खडसावून सांगायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. तो वापरायला हवा.