पुण्याचा हिशेब

उपवासकाळ आला की आमच्या चारकोपच्या ख्रिस्ती घरांत हिशेब सुरू होतो. किती उपास पाळले, किती प्रार्थना चुकल्या? (आम्हीही त्यातलेच.) म्हणून या अंकाचा विषय: देवापुढे माणूस नीतिमान ठरतो तो नियम पाळून, की विश्वासाने?

पौलाने रोमकरांना पत्रातून हेच समजावलं. १५१७ नंतर याच प्रश्नावरून युरोपातली मंडळी दुभंगली. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिकांनी त्यावर संयुक्त निवेदन केलं. आम्हाला मात्र तो भिडतो पंडिता रमाबाईंमुळे. त्यांचं बालपण तीर्थयात्रांच्या पायपिटीत गेलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, तरी आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, हे उमगायला आणखी काही वर्षं लागली. तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि गंमत बघा, कृपेवर विसंबल्यावर बाई स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावचं मुक्ती मिशन, बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं.

याकोबाच्या पत्रातला कृतींचा आग्रहही अंकात आहे. तो टाळणं आम्हाला पटलं नाही. तुमच्या घरी हा हिशेब कसा चालतो, जरूर कळवा. पुढच्या अंकात दोन पानं तुमच्या पत्रांसाठी ठेवली आहेत.