दुवा ब्राउझरआधीच वळतो
मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधल्या नोंदीवरचा दुवा दाबला आणि हव्या त्या पानाऐवजी लॉगिनचं पान उघडलं, की कार्यालयात सगळे ब्राउझरलाच दोष देतात. कुणी कॅश पुसतो, कुणी क्रोम पुन्हा बसवतो. यात माणसांचे तास वाया जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आधी तोच पत्ता ब्राउझरमध्ये चिकटवून पाहा. पान नीट उघडलं, तर बिघाड मधल्या वाटेवर आहे. ऑफिसचे प्रोग्राम दुवा ब्राउझरकडे सोपवण्यापूर्वी स्वतःच सर्व्हरला विचारणा करतात. तुमच्या ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज त्या विचारणेबरोबर जात नाहीत. सर्व्हर तिला लॉगिनकडे वळवतो आणि ब्राउझरच्या हाती पडतो तो हा वळवलेला पत्ता. अशा वेळी कोडमधली दुवा उघडणारी फॉलोहायपरलिंक ही आज्ञा काढून शेलएक्झिक्यूट या विंडोजच्या फंक्शनने पत्ता थेट विंडोजकडे द्यावा. दुसरा दगा # या चिन्हाचा. हायपरलिंक प्रकारच्या रकान्यात ॲक्सेस याच चिन्हाने नाव आणि पत्ता वेगळे करतं, त्यामुळे पत्त्यातच # असला तर तो मध्येच तुटतो. तिथे साधा मजकुराचा रकाना बरा. इंटरनेट एक्सप्लोररवर बेतलेला जुना कोड मात्र डागडुजी न करता नव्यानेच लिहावा, कारण मायक्रोसॉफ्टने विंडोज १०वरचा तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजीच निवृत्त केला आहे.