रस्त्याला नाव बापूरावांचे, मग पवळा कुठे आहे?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला एक जुना, जगप्रसिद्ध आणि तितकाच बदनाम रस्ता आहे. लोक त्याला आजही फॉकलंड रोड म्हणतात. महानगरपालिकेच्या दप्तरी मात्र त्याचे नाव पठ्ठे बापूराव मार्ग असे आहे. लॉर्ड फॉकलंड हा १८४८ ते १८५३ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. गोऱ्या गव्हर्नरचे नाव जाऊन एका मराठी शाहिराचे नाव आले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु ज्या कलेमुळे बापूराव मोठे झाले, ती कला ज्या जातींनी शतकानुशतके अंगाखांद्यावर वागवली, त्या महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या एकाही कलावंताचे नाव या फलकावर का नाही? ज्या पवळेच्या आवाजाने आणि अदाकारीने थिएटरे भरली, ती पवळा कुठे आहे? हा प्रश्न आंबेडकरी समाजाने आजवर नीट विचारलेला नाही. तो विचारणे आवश्यक आहे.

आधी या रस्त्याचा इतिहास पाहू. १८४६ साली नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रँट रोडवर नाटकगृह उभे राहिले. विष्णुदास भावे यांनी १८५३ साली तेथे मराठी नाटकाचे प्रयोग केले. त्याच सुमारास पारशी नाटक मंडळ्यांनीही तेथे जम बसवला. पुढे या भागात एकामागून एक नाटकगृहे झाली. इंग्रजीत नाटकगृहाला ‘प्ले हाऊस’ म्हणतात. गिरणीतल्या, गोदीतल्या कामगाराने आपल्या जिभेला सोयीचे केले आणि त्याचे ‘पिला हाऊस’ झाले. आल्फ्रेड, रॉयल, निशात, गुलशन ही थिएटरांची नावे जुन्या मुंबईकरांना पाठ आहेत. बोलपट आले आणि नाटकगृहांची सिनेमागृहे झाली. शेजारी कामाठीपुरा. तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांची ती वस्ती. इंग्रज सरकारने आपल्या सैनिकांच्या आणि खलाशांच्या सोयीसाठी या भागातला शरीरविक्रयाचा धंदा चालू दिला, त्याच्यावर देखरेख ठेवली आणि बदनामी मात्र तिथल्या बायकांच्या नावावर लिहिली. नाटक, तमाशा, सिनेमा आणि वेश्यावस्ती अशी चारही दुकाने एकाच रस्त्यावर लागली. पांढरपेशा मुंबईने त्यातले नाटक उचलून गिरगावात, दादरला नेले, त्याला ‘रंगभूमी’ म्हटले आणि उरलेल्या रस्त्याकडे पाठ फिरवली.

वरसे, रोहा, पेणच्या वाचकाला वाटेल, मुंबईतल्या या रस्त्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. रोह्याला रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून कुलाबा जिल्ह्यातला गरीब माणूस धरमतर, रेवसहून बोटीत बसून पोटासाठी मुंबई गाठत होता. गावात महारकी करायची, मेलेली ढोरे ओढायची आणि पाणवठ्यावर लांब उभे राहायचे. यातून सुटायचे तर पलटण, गोदी, गिरणी किंवा म्युनिसिपालिटी. घाटावरचा आणि कोकणातला अस्पृश्य कामगार मुंबईच्या चाळीत प्रथमच एकत्र आला. बायकामुले गावी आणि हा दहा-बारा जणांत एका खोलीत. आठवड्याची सुट्टी मिळाली की त्याची करमणूक कोणती? गंधर्वांचे नाटक नव्हे. ते त्याच्या खिशाला परवडणारे नव्हते आणि तिथल्या खुर्च्याही त्याच्यासाठी मांडलेल्या नव्हत्या. तो पिला हाऊसला तमाशा पाहायला जात असे. ढोलकी, हलगी, कडे आणि तुणतुणे वाजू लागले की त्याला आपला मुलूख भेटत असे. म्हणजे या रस्त्यावरची तमाशाची थिएटरे आपल्याच आज्या-पणज्यांच्या घामाच्या पैशावर उभी राहिली. रंगमंचावर आपला माणूस होता आणि तिकीट काढणाराही आपलाच होता. मधल्या मालकाची जात कोणती, ते सांगण्याची गरज नाही.

आता बापूरावांकडे वळू. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६, गाव वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसाला लावणीचे वेड लागले. त्यांनी कुलकर्णीपण सोडले आणि ते महारा-मांगांच्या फडात जाऊन बसले. ब्राह्मण समाजाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १९४५ साली पुण्यात हा मोठा शाहीर हलाखीत वारला. बापूरावांच्या प्रतिभेविषयी आणि धाडसाविषयी आपल्या मनात आदरच आहे. त्यांचे नाव फलकावरून काढा, असे कोणी म्हणत नाही.

पवळा ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. बापूरावांच्या लावण्या महाराष्ट्रभर पोहोचल्या त्या तिच्या गळ्यातून आणि पायातल्या घुंगरांतून. बापूराव आणि पवळा ही नावे त्या काळी जोडीनेच घेतली जात. असे असताना इतिहास लिहिणाऱ्यांनी काय केले? बापूरावांनी जात सोडली, म्हणून तो ‘त्याग’ झाला. त्यावर पुस्तके झाली, चित्रपट निघाला, रस्त्याला नाव मिळाले. पवळेला मात्र सोडायला काहीच नव्हते. ती जन्माने महारीण, म्हणून नाचणे-गाणे हे तिचे काम, असे गृहीत धरले गेले. एकाची कला ही प्रतिभा आणि दुसरीची कला हा जातीचा धंदा! एकच फड, एकच बोर्ड, एकच लावणी आणि मोजमाप मात्र दोन. यालाच जातिव्यवस्था म्हणतात. ती फक्त पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर नसते, ती रस्त्याच्या फलकावरही असते.

आणि हे पवळेपुरते नाही. तमाशातला पहिला वग म्हणून ज्या ‘मोहना बटाव’चे नाव घेतात, तो १८६५ साली रचणारे उमाजी सावळजकर मातंग समाजातले. त्यांच्या नावाचा रस्ता कोणी पाहिला आहे काय? विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ साली त्यांचे निधन झाले आणि सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. परंतु हयातीत या बाईच्या वाट्याला कष्ट आणि ददातच आली. कलावंत जिवंत असताना उपेक्षा आणि मेल्यावर पुरस्काराला नाव, ही आपल्या राज्याची सांस्कृतिक रीत आहे.

येथवर दोष सवर्ण संस्कृतीचा. आता थोडे आपल्याकडेही पाहू. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आंबेडकरी माणसाला तमाशा हा शब्द नकोसा वाटतो. ‘आपल्या घरात कोणी फडात होते’ हे तो मुलांना सांगत नाही. विचारले तर बाबासाहेबांचा दाखला देतो. सत्याग्रहाच्या निधीसाठी पठ्ठे बापूराव तमाशाचे उत्पन्न द्यायला आले असता बाबासाहेबांनी ते पैसे नाकारले, ही हकीकत आपण चळवळीत ऐकत आलो आहोत. महाराच्या मुली नाचवून मिळवलेला पैसा मला नको, ही त्यामागची भूमिका. तसेच १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघे, पोतराज यांची सभा झाली. धर्मांतराच्या चळवळीत यायचे तर हे लाजिरवाणे जगणे सोडा, असे बाबासाहेबांनी तेथे स्पष्ट शब्दांत बजावले. त्यांचा रोख कामाठीपुऱ्यात राहणाऱ्या आपल्याच भगिनींकडे होता.

या दोन्ही प्रसंगांचा अर्थ काय घ्यायचा? बाबासाहेबांनी नाकारली ती बाईची विक्री, जातीने लादलेली लाचारी आणि त्या लाचारीवर कमावलेला पैसा. त्यांनी त्या बायकांना नाकारले नाही. नाकारायचे असते तर त्यांच्यासाठी वेगळी सभा कशाला घेतली असती? कोणता मोठा पुढारी त्या काळी कामाठीपुऱ्यातल्या बाईसमोर उभा राहून, तूही या समाजाची आहेस, तुलाही मानाने जगता येईल, असे सांगत होता? ते शब्द कठोर होते, परंतु घरातल्या माणसाचे होते. आपण त्यातला कठोरपणा तेवढा उचलला आणि आपलेपणा विसरलो. गुलामगिरी सोडणे आणि गुलामाचा इतिहास पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेड्या तोडायच्याच असतात, पण त्या कोणी घातल्या आणि बेड्यांसह आपली माणसे कशी जगली, हे लिहून ठेवायचे असते.

चळवळीने कला टाकली नव्हती, याचा सज्जड पुरावा म्हणजे आंबेडकरी जलसा. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जलसे केले. ढोलकी तीच, संवादाची चाल तीच, सोंगाड्याची चलाखीही तीच. त्यातून देवाचे गण आणि शृंगार गेला, बाईला नाचवणे गेले आणि सत्याग्रह, शिक्षण, स्वाभिमान आला. जी कला मालकाच्या गल्ल्यासाठी राबत होती, ती समाजाच्या जागृतीसाठी राबू लागली. बाबासाहेबांचा विचार वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत गेला तो असा. जलसाकारांच्या बोटांत ही हातोटी आभाळातून पडली नव्हती. फडातल्या पिढ्यांनीच ती घडवली होती. तेव्हा जलशाचा अभिमान आणि तमाशाची लाज, या दोन गोष्टी एका मनात फार काळ नांदू शकत नाहीत.

याच परिसराने पुढे नामदेव ढसाळ घडवले. गोलपिठ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वाढलेल्या या माणसाने आपल्या पहिल्याच कवितासंग्रहाला ‘गोलपिठा’ हे नाव दिले आणि मराठी कवितेचा सोवळा उंबरा ओलांडला. १९७२ साली दलित पँथर स्थापन करणाऱ्यांत तोच होता. ज्या वस्तीचे नाव घ्यायला लोक लाजत, ते नाव त्याने मराठी साहित्याच्या छातीवर लिहिले. बाहेरच्या जगानेही हा रस्ता पाहिला. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांचे या रस्त्यावरचे पुस्तक १९८१ साली निघाले. मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ हा १९८८चा चित्रपट याच भागातला. त्यांनी पिंजऱ्यातल्या बाईचे दुःख जगाला दाखवले, हे मान्य. परंतु कॅमेऱ्याला जात दिसत नाही. ती बाई कोणत्या गावातून, कोणत्या वाड्यातून, कोणत्या देवीला वाहिली जाऊन येथे आली, हे चित्रात उमटत नाही. ते सांगणे आपले काम आहे.

आज हे तातडीने का लिहायचे? कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाची योजना सरकारने हाती घेतली आहे. मोडकळीस आलेल्या चाळींतल्या माणसाला चांगले घर मिळालेच पाहिजे, त्याला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र टॉवर उभे राहिले की या भागाची जुनी नावे इंग्रजी पाट्यांखाली गाडली जातील. गिरण्यांचे काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मॉल आले. लालबाग-परळच्या कामगाराचा इतिहास फोटोंच्या प्रदर्शनापुरता उरला. पिला हाऊसचे तेच होऊ द्यायचे काय?

म्हणून मागणी साधी आहे. पठ्ठे बापूराव मार्गावर पवळेच्या नावाचा आणि कार्याचा ठळक फलक महानगरपालिकेने लावावा. पुनर्विकासात तमाशा कलावंत, जलसाकार आणि या वस्तीतल्या कष्टकरी बायका यांच्या इतिहासासाठी एक हक्काची जागा राखावी. तो इतिहास गौरवाचा आणि अन्यायाचा असा दोन्ही असावा. नुसता शृंगार दाखवून पर्यटकांना रिझवणारे संग्रहालय आम्हाला नको. विद्यापीठांच्या लोककला विभागांनी फडमालकांबरोबर ढोलकीवाल्याची, सोंगाड्याची, नाचणाऱ्या बाईची नावेही जातीसकट नोंदवावीत. त्याशिवाय कोणी कोणाच्या जिवावर काय मिळवले, हे कळणार नाही.

उरलेले काम सरकारचे नाही, आपले आहे. वरसे असो, रोहा असो की पेण, प्रत्येक बुद्धविहारात असे म्हातारे-म्हाताऱ्या अजून आहेत, ज्यांच्या वाडवडिलांनी मुंबईत दिवस काढले. कोणी गोदीत हमाली केली, कोणी जलशात झांज वाजवली, तर कोणी पिला हाऊसच्या पिटात बसून बापूरावांची लावणी ऐकल्याचे घरी सांगितले. तरुणांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे, मोबाईलवर त्यांचा आवाज टिपावा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जेवढे पैसे जातात, त्याच्या चौथ्या हिश्श्यात गावाच्या आठवणींचे एक पुस्तक निघेल. आपला इतिहास दुसऱ्याने लिहावा आणि आपण त्यात चुका काढत बसावे, हे किती दिवस चालणार? पवळेच्या नावाचा फलक महापालिका लावील तेव्हा लावील. तिचे नाव आपल्या घरात न लाजता घेण्यासाठी कोणाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.