माशांची काचपेटी आणि सुट्टीचा प्रवास

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वरवंडसारख्या गावातील मुलांना आजोळचे वेध लागतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे दौंड तालुक्यातील गाव. कोणी पुण्याच्या बाजूस जातो, कोणी सोलापूरच्या. परंतु घर सोडण्यापूर्वी शेतकऱ्याच्या घरात एक प्रश्न अगोदर सोडवावा लागतो. मागे गोठा कोणी पाहावयाचा? गाईम्हशींना वैरण कोण घालील, पाणी कोण दाखवील, हे ठरल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडीत नाही. ही रीत फार जुनी आहे आणि फार चांगली आहे. अलीकडे मात्र काही घरांत गोठ्याच्या जोडीला माशांची काचपेटीही आली आहे. तिच्या बाबतीत गोठ्याची रीत जशीच्या तशी लावली, तर मासे वाचण्याऐवजी मरण्याचाच संभव अधिक.

हे विधान पुष्कळांस विपरीत वाटेल. भुकेल्या जनावरास दोन घास अधिक घातले तर त्यात कोणाचे काय बिघडते? गाईपुढे चार पेंढ्या जास्त पडल्या तर ती हवे तेवढे खाते आणि उरलेले गव्हाणीत पडून राहते. शेण पडते ते दुसरीकडे. सकाळी कोणीतरी ते उचलून उकिरड्यावर नेते. माशाचे तसे नाही. त्याची गव्हाण, त्याचे पिण्याचे पाणी, त्याचा श्वास घेण्याचा वारा आणि त्याचा उकिरडा ही सारी एकाच पेटीत एकत्र नांदत असतात. न खाल्लेले अन्न तळाशी जाऊन कुजते. त्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया नावाचे द्रव्य पाण्यात उतरते. ते अल्प प्रमाणातही माशांना विषासारखे बाधते. पेटीतील वाळूत आणि पाणी गाळणाऱ्या स्पंजात जे अदृश्य सूक्ष्म जंतू राहतात, ते या अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि नंतर पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट करून टाकतात. पण त्यांच्या कामालाही मर्यादा आहे. एकदम मूठभर अन्न पडले, तर हे बिचारे झाडूवाले पुरे पडत नाहीत.

म्हणून धनी परगावी असताना माशांना खरा धोका उपासाचा नसतो. तो शेजारच्या काकूंच्या दयेचा असतो. काकू सकाळी येतात. मासे त्यांना पाहून काचेजवळ गोळा होतात, तोंडे उघडमीट करतात. काकूंचे मन कळवळते. “बिचारी उपाशी दिसतात!” असे म्हणून त्या चिमूटभर खाद्य टाकतात, आणखी एक चिमूट टाकतात, आणि सायंकाळी नातवंडे येऊन उरलेली डबी रिकामी करतात. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. परंतु तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. गाय हंबरून, कुत्रे केकाटून आपले दुखणे सांगते. मासा काहीच सांगत नाही.

वास्तविक निरोगी, वाढ झालेल्या माशास आठवडाभर अन्न न मिळाले तरी सहसा काही होत नाही. गाय किंवा माणूस आपले शरीर ऊबदार ठेवण्यासाठी सतत अन्न जाळीत असतो. माशाच्या अंगाची उष्णता पाण्याबरोबर कमीजास्त होते, त्यामुळे त्याचा खर्च थोडा. नुकत्याच जन्मलेल्या पिलांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना रोज खावयास लागते. पेटीत पिले असतील, तर त्या घराने प्रवासाचा बेतच थोडा पुढे ढकलावा, हे उत्तम. आठवड्यापेक्षा अधिक दिवस जावयाचे असेल, तर कागदाच्या लहान लहान पुड्या बांधाव्यात. एका पुडीत एका वेळचेच खाद्य, आणि दर तिसऱ्या दिवशी एकच पुडी, असे शेजाऱ्यास सांगून ठेवावे. खाद्याची मूळ डबी कपाटात कुलपाआड गेली पाहिजे. हे थोडे कठोर वाटते खरे, पण शेजाऱ्याच्या कोमल मनावर भार न टाकण्याचा हाच मार्ग आहे. बाजारात सुट्टीसाठी म्हणून खाद्याच्या वड्या मिळतात. त्या पाण्यात हळूहळू विरघळतात. काही वेळा पाणी नासवतात. त्या वापरावयाच्याच असतील, तर घरी असताना एकदा वापरून पाहाव्यात.

दुसरी एक चांगली सवय येथे अशीच आड येते. घर बंद करताना विजेचे मुख्य बटन बंद करावे, असे वडीलधारी माणसे सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या एका बटनाबरोबर पेटीतील हवेचा पंप आणि पाणी गाळण्याचे यंत्रही थांबते. ऐन मे महिन्यात हे अधिकच वाईट. कारण पाणी जितके तापेल, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. पाणी तापलेले, माशांना प्राणवायूची गरज वाढलेली आणि पंप मात्र मुका! वीज तर धनी घरी असतानाही जाते. यासाठी मुळातच पेटीत मासे थोडे असावेत, पेटी उन्हापासून दूर असावी आणि तीत जिवंत पाणवनस्पती असाव्यात.

विजेचा पंप नव्हता तेव्हाही लोक मासे पाळीतच होते. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. १२ गॅलनांच्या भांड्यात त्याने दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने त्यात पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी पुन्हा निवळले. एवढ्या मोठ्या भांड्यात मासे दोनच, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुकानात दिसेल तो रंगीत मासा आणून पेटी भरणाऱ्यास सुट्टीचे सुख मिळत नाही; त्याला एका रात्रीसाठी गावाला जाणेही अवघड होते.

आणखी एक वाट काही जण निवडतात, आणि तिचा स्पष्ट निषेध केला पाहिजे. “महिनाभर कोण पाहणार? त्यापेक्षा तळ्यात सोडून देऊ, बिचारे मोकळे होतील,” असे म्हणून ते मासे जवळच्या पाण्यात सोडतात. वरवंडला व्हिक्टोरिया तलाव आहे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी त्यात येते. अशा तलावात पेटीतले बहुतेक मासे जगत नाहीत. बगळे आणि मोठे मासे त्यांचा फडशा पाडतात. आणि जे जगतात, ते अधिक अनर्थ करतात. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा काचेवरचे शेवाळ साफ करतो म्हणून शोभेच्या पेटीत आला. पुढे तो आपल्याकडील नद्या-जलाशयांत शिरला. दौंड तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा ज्या उजनीच्या जलाशयास मिळते, तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो सापडू लागला. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. पेटी रिकामी करणाऱ्याच्या क्षणभराच्या सुटकेची किंमत अशी दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. मासे सांभाळवत नसतील, तर ते दुकानदारास किंवा मासे पाळणाऱ्या मित्रास द्यावेत.

जाणाराने तयारी करावयाची ती निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी. पेटीतील पाव हिस्सा पाणी काढून तेवढेच शिळे, म्हणजे एक दिवस उघडे ठेवलेले पाणी घालावे. सगळे पाणी बदलण्याचा आणि गाळणीचा स्पंज नळाखाली चोळून धुण्याचा उत्साह मात्र आवरावा. त्यात वर सांगितलेले उपकारी जंतूही वाहून जातात. नवा मासा या दिवसांत आणू नये. शेजाऱ्याने एक दिवसाआड यावे, मासे मोजावेत, एखादा मेलेला आढळल्यास तो लगेच काढून टाकावा आणि पंप चालू आहे ना, एवढे पाहून परत जावे.

परत आल्यावरही घाई नको. प्रवासाच्या पिशव्या ओसरीवर टाकून मुले धावतात ती पेटीकडेच, आणि आठवड्याची भरपाई एका सायंकाळी करू पाहतात. त्या दिवशी थोडे पाणी बदलावे, उन्हाने आटलेले भरून काढावे आणि नेहमीच्या निम्मे खाद्य टाकावे. पोटभर जेवण दुसऱ्या दिवशी.